गोल पिनेचा कीबोर्ड

मुतसिमला दुरुस्त करता येणार नाही असा कॉम्प्युटर इरबिद शहरात अजून यायचा होता. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ते न विचारता सांगत असे. त्यामुळे उम्म वाएल मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला, तेव्हा त्याने नुसता हात झटकला.

"मावशी, डिस्क शाबूत आहे. नव्या मशीनवर चढवतो. संध्याकाळपर्यंत तुझी नक्षी तुझ्यासमोर."

नक्षी होती मावशीच्या आईच्या लग्नातल्या पोशाखावरची. तो पोशाख कधीच विरून गेला होता, पण त्याआधी मावशीच्या नवऱ्याने, अबू वाएलने, एकेक टाका मोजून ती कॉम्प्युटरवर चौकटींत उतरवून ठेवली होती. आता अबू वाएलही नव्हता. नात लुजैनच्या मेंदीला तसाच पोशाख भरायचा म्हणून बायका कापड बेतून, लाल रेशीम उलगडून मावशीच्या बैठकीत खोळंबल्या होत्या. नक्षी मिळाली नाही तर लुजैन बाजारचा पोशाख घालणार आणि मावशी तो समारंभ तोंड फिरवून काढणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचाईत अशी, की ती नक्षी फक्त त्या जमान्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच उघडायची. मुतसिमने ती सिस्टीम आपल्या दुकानातल्या सगळ्यात दांडग्या मशीनवर चढवली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: मेमरी अपुरी आहे.

मुतसिमला हसावं की रडावं कळेना. त्या मशीनमध्ये अख्ख्या गल्लीला पुरेल एवढी मेमरी होती. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की एवढी मेमरी त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या सिस्टीमला मोजताच येत नाहीये. खाटल्यावर पडून असलेल्या आजोबांपुढे अख्खा बकरा वाढल्यासारखं झालं होतं ते. त्याने मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, धुंडाळून एक जुनी इवलीशी पट्टी बसवली, आणि सिस्टीम सुरू झाली.

सुरू झाली आणि म्हणाली, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा. मुतसिमने सगळी बटणं दाबली. सिस्टीम ढिम्म! हल्लीचा कीबोर्ड तिच्या ओळखीचाच नव्हता. तिला हवा होता गोल पिनेचा. मशीनला मागे तसं एक भोक सुदैवाने होतं, पण तसला कीबोर्ड शहरात एकाच माणसाकडे उरला होता. तो म्हणजे निवृत्त टपाल कारकून अबू सुहैल.

"पहिल्यांदा त्यांच्या घरी जातोयस, रिकाम्या हाताने जाऊ नकोस," मुतसिमच्या आईने कुनाफा मिठाईचा डबा हातात दिला. "आणि आधी ती दाढी कर. भुतासारखा दिसतोयस."

अबू सुहैल तापट म्हणून प्रसिद्ध, तेव्हा मुतसिमने सोबतीला हाजी दाऊद मामाला घेतलं. मामा नुकताच जुम्म्याची नमाज आटपून आला होता, अंगावर सोनेरी काठाचा ठेवणीतला पायघोळ अबा तसाच होता.

अबू सुहैलने दार उघडलं. गुळगुळीत दाढी केलेला अविवाहित तरुण, अबा घातलेला वडीलधारा, मिठाईचा डबा. त्याने दोघांना बसवलं आणि आत जाऊन सदरा बदलून आला.

कॉफी आली. मुतसिमने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मागणं घेऊन आलेल्याने ते मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, ही रीत. म्हाताऱ्याची जिवापाड जपलेली वस्तू मागायची तर रीतसरच मागावी, असा मुतसिमचा विचार. मामाला वाटलं, भाच्याने सुरुवात केलीच आहे तर आपण का मागे राहावं. त्यानेही कप खाली ठेवला.

"अबू सुहैल, तुमच्या दारी एक मागणं घेऊन आलोय."

आत स्वयंपाकघरात पातेलं पडलं. अबू सुहैलचे डोळे भरून आले.

"प्या कॉफी. दिलं."

"पण काय मागायचंय ते तरी..."

"त्यात विचारायचं काय, हाजी? तुमच्या घराण्याला मी ओळखत नाही का? प्या!"

दोघांनी कॉफी प्यायली. त्याबरोबर आतून बायकांनी जिभा हलवत असा जल्लोष केला, की समोरच्या गच्चीतल्या बाया कठड्याशी धावल्या. मुतसिम गहिवरला. एका कीबोर्डसाठी एवढा आनंद, काय मोठ्या मनाची माणसं!

"उपकार झाले, काका. एखाददुसरं बटण अडकत असलं तरी चालेल मला."

"कसलं बटण?"

"कीबोर्डचं. तो गोल पिनेचा."

जल्लोष मधेच तुटला. अबू सुहैलचा चेहरा डाळिंबासारखा झाला. मामा आपल्या अब्यात जमेल तेवढा आत शिरला. आता काही डोकं शाबूत घेऊन घरी जात नाही, असं मुतसिमला मनापासून वाटलं.

तेवढ्यात अबू सुहैलची लग्नाची मुलगी रुदैना दारात आली. मुलींच्या शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायची.

"सुटले बाई," ती म्हणाली. "हा शाळेत मशीन दुरुस्त करायला येतो तेव्हा मशीनशीच बोलतो, बाबा. मला वाटलंच होतं, असा एकाएकी कसा सुधारला."

मुतसिमही सुटलाच होता, पण तसं तोंडावर दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो सतरंजीकडे पाहत राहिला.

"पण बाबा, शब्द दिलाय तुम्ही," रुदैना म्हणाली. "कॉफीही पिऊन झाली."

"अगं, पण तो माझा नोकरीपासूनचा कीबोर्ड आहे," अबू सुहैल रडवेला झाला. "नव्या कीबोर्डांना तो आवाज नाही. दुसरं काही मागा, हाजी. डबा भरून ऑलिव्ह देतो."

बराच वेळ समजूत काढावी लागली. शेवटी म्हाताऱ्याने कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून दिला आणि पाठ फिरवली. दार लावताना रुदैना मुतसिमला हळूच म्हणाली, "माझ्यासाठी बाबा एका कपात हो म्हणाले होते."

मावशीच्या बैठकीत मशीन मांडलं, गोल पिन बसवली. मुतसिमने एक बटण दाबलं. सिस्टीम पुढे सरकली. मग पडद्यावर ओळीओळीने लाल चौकटी उमटू लागल्या, सरूची झाडं, चांदण्या, मधोमध फुलांची रांग. मुतसिमच्या जिवात जीव आला. बायकांनी अल्लाचं नाव घेतलं. मावशी पुढे सरकली आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"हे फूल चुकलंय," ती म्हणाली. "एक पाकळी कमी आहे. त्यांना तेव्हाच सांगितलं होतं मी. ऐकतील तर शपथ."

"एवढंच ना?" मुतसिम पुन्हा रंगात आला. "आत्ता दुरुस्त करून देतो, मावशी. एक बटण दाबायचा अवकाश."

त्याचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत मावशीने त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली.

"खबरदार हात लावलास तर," ती डोळे पुसत म्हणाली. मग बायकांकडे वळली. "त्यांनी काढलंय तस्संच भरा गं."

बायकांनी सुया ओवल्या. मुतसिम हात चोळत उठला आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेला.