त्रिकोणी कावीळ

"हा पट्टा डोक्याला, ही वाटी नाकावर, आणि ह्या नळीतून रातभर वारं," असे म्हणून मार्तंडरावांनी स्टुलावरील यंत्रावर हात ठेवला. "झोपेत माझा दम बंद पडतो. बंद म्हंजे पार बंद. मुंबईच्या डॉक्टरांनी मला झोपवून तपासलं. म्हणाले, पोस्टमास्तर, तुमी अजून चालते-बोलते आहात हेच नवल हाय."

बैठकीत जमलेल्या मंडळींनी माना हलवल्या. सेलूत असे यंत्र यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. ज्या बैठकीत एरवी विद्यापीठाच्या नामांतरावर दोन्ही बाजूंनी आवाज चढत, तेथे त्या वर्षीच्या आश्विनात मार्तंडरावांच्या श्वासाखेरीज दुसरा विषय निघत नव्हता. शेजारच्या चांगुणाबाईंनी तर येताना नारळ आणला होता.

"आमच्यात कोणाला असला भारी आजार झालाच न्हाई," त्या काहीशा खेदाने म्हणाल्या आणि कोपऱ्यातील खुर्चीकडे वळल्या. "तुमाला काय हाय, मास्तर?"

खुर्चीवर दिनकरराव बसले होते. ते सेवानिवृत्त शिक्षक होते, मार्तंडरावांचे साडू होते आणि त्याच गल्लीत चार घरे सोडून पलीकडे राहत होते.

"मला काही न्हाई," ते म्हणाले आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

मत्सर हा हलक्या मनाचा विकार आहे, हे मत ग्रंथात शोभते. व्यवहारात ते टिकत नाही. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे जर एकाच गल्लीत राहत असतील, तर त्यांच्यातील मत्सर हा समतेच्या आग्रहाचाच एक प्रकार मानावा लागतो. मार्तंडरावांनी रेडिओ घेतला, तेव्हा दिनकररावांनीही घेतला. दिनकररावांनी माळवदावर टीव्हीचा अँटेना उभारला, तेव्हा मार्तंडरावांनी त्याहून वीतभर उंच अँटेना उभारला. अशा रीतीने आजवर तराजूची दोन्ही पारडी समान राहत आली होती. परंतु आजार ही वस्तू दुकानात मिळत नाही. ती मिळेपर्यंत गल्लीत आपले स्थान दुय्यम राहणार, हे दिनकररावांना त्या थंड चहासमोर स्पष्ट दिसले.

घरी येताच त्यांनी पत्नीला विचारले, "मी घोरतो का न्हाई?"

"घोरता की," सुनेत्राबाई डाळ निवडत म्हणाल्या.

"कसा?"

"जसे सगळ्यांचे नवरे घोरतात तसे."

"मधी दम अटकतो का?"

"अटकला असता तर तेवढ्यात माझा तरी डोळा लागला असता."

या उत्तरात सहानुभूतीचा अंशही नव्हता. उलट सुनेत्राबाईंनी एक नवीनच बातमी पुरवली. थोरल्या बहिणीने, म्हणजे अंबिकाबाईंनी, ती त्यांना नळावर सांगितली होती. मार्तंडराव यंत्राचे गुणगान दिवसभर करीत. पण वाटी नाकावर चढताच त्यांना धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखे वाटे. हवा पोटात जाऊन ढेकर येत, घसा कोरडा पडे, नाकाच्या दांडीवर वळ उमटे. सवय व्हावी म्हणून परभणीच्या डॉक्टरांनी दुपारीही तासभर वाटी लावून पडायला सांगितले होते. मार्तंडराव दुपारी ती लावून आरशात पाहत आणि काढून ठेवीत. रात्री तर पट्टा सरळ उशाखाली जाई.

"म्हंजे वस्तू घरात हाय, आणि वापर न्हाई," दिनकरराव म्हणाले.

"तुमाला काय करायचंय? दम दाजींचा, यंत्र दाजींचं."

दिनकररावांनी यावर वाद घातला नाही. जी वस्तू मालक वापरीत नाही, तिच्यावर इतरांचाही काही नैतिक हक्क पोहोचतो किंवा कसे, एवढाच प्रश्न ते मनात घोळवीत राहिले.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातील हत्यारे आणि यंत्रे पूजेला लावण्याची रीत आहे. अंबिकाबाईंनी शिलाई मशीन, विळी, अडकित्ता आणि नवऱ्याची स्कूटर यांना हळदकुंकू वाहिले आणि मग नव्या यंत्राकडे मोर्चा वळवला. देवाला गंध कपाळी लावतात हे खरे. परंतु या यंत्राचे सारे सामर्थ्य त्याच्या मुखात आहे, मग हळद मुखालाच वाहिली पाहिजे, असा त्यांनी शुद्ध तर्क केला. नाकावरची वाटी त्यांनी बाजूला काढली, नळीच्या तोंडात ओंजळीने हळद घातली आणि वाटी पुन्हा होती तशी बसवली. वर झेंडूचे फूल ठेवले.

"आता दसरा होईपर्यंत हात लावायचा न्हाई," मार्तंडराव समाधानाने म्हणाले. "पूजेतली हत्यारं चालवत नसतात."

"तुमी काल तरी कुठं चालवलं," अंबिकाबाई म्हणाल्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी दिनकरराव सोने द्यायला आले, तेव्हा पुढचे दार नुसते लोटलेले होते. मार्तंडराव सीमोल्लंघनाला गेले होते आणि अंबिकाबाई शेजारी. स्टुलावर यंत्र होते, भिंतीत खटका होता. दिनकररावांनी दोनदा "आहे का कोणी" म्हणून विचारले. दुसऱ्या वेळी आवाज इतका लहान होता, की उत्तर येण्याची त्यांचीही अपेक्षा नसावी.

त्यांनी फूल उचलले, पट्टा डोक्यावरून घेतला, वाटी नाकावर बसवली आणि खाटेवर डोके टेकले. आपण आजारी आहोत, बैठक माणसांनी भरली आहे आणि चांगुणाबाई नारळ घेऊन उंबऱ्यात उभ्या आहेत, असे चित्र त्यांनी डोळे मिटून उभे केले. मग खटका दाबला.

ओंजळभर हळद एकाच फुंकरीने त्यांच्या नाकात गेली.

पुढील शिंका वर्णन करण्यासारख्या नाहीत. पट्टा कानात अडकला होता, वाटी सुटत नव्हती आणि यंत्र आपले काम निष्ठेने करीत होते. अखेर खटका सापडला. वाटी निघाली. बाहेर अंबिकाबाईंचा आवाज ऐकू येताच दिनकररावांनी ती कशीबशी जागेवर ठेवली आणि तोंडाला उपरणे लावून मागच्या दाराने घर गाठले.

आरशात पाहिले, तेव्हा नाकाच्या दांडीपासून वरच्या ओठापर्यंत एक लख्ख पिवळा त्रिकोण उमटला होता. घामाने तो पक्का झाला होता. साबण लावताच पिवळ्याचे तांबडे झाले. पाणी मारताच तांबड्याचे पुन्हा पिवळे झाले. एवढ्यात सुनेत्राबाई दिवा लावायला आल्या.

"आगं बाई, हे काय झालं?"

येथे खरे सांगणे शक्य होते. पण खरे सांगायचे म्हणजे साडूच्या घरात कोणी नसताना शिरून, पूजेला लावलेले त्याचे यंत्र आपण नाकाला लावले, हे सांगायचे. सेवानिवृत्त शिक्षकाच्या तोंडून असे वाक्य निघत नाही.

"आजार हाय," दिनकरराव गंभीरपणे म्हणाले. "आतून आलाय."

सकाळपर्यंत गल्लीला कळले. चांगुणाबाई सर्वांत आधी आल्या आणि त्यांनी खाटेभोवती एक फेरी मारली.

"कावीळ हाय," त्यांनी निर्णय दिला. "पर नाकावरच उतरली. आन् तिनकोनी. असली म्या जन्मात बघितली न्हाई."

"डोळ्यात न्हाई उतरली?" कोणी तरी विचारले.

"नाकातली कावीळ डोळ्यात उतरत नसती. ही लय आतली असती."

एकेक करून माणसे येऊ लागली. केळी आली, मोसंब्या आल्या, बिस्किटांचे पुडे आले. मानवतला एक जण कावीळ उतरवतो, त्याला बोलवावे काय, याची चर्चा झाली. दिनकरराव क्षीण आवाजात प्रत्येकाला "बसा" म्हणत. इतके सुख त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही लाभले नव्हते. तेथे नारळ एकच मिळाला होता.

इकडे मार्तंडरावांची बैठक ओस पडली. यंत्राजवळ ते एकटेच बसून राहिले. ज्या माणसांना कालपर्यंत त्यांच्या श्वासाची चिंता होती, तीच माणसे त्यांच्या दारावरून मोसंब्या घेऊन पुढे जात होती.

"चार घरं सोडून पलीकडं चाललेत सगळे," ते म्हणाले. "माझा दम बंद पडतो म्हणलं. बंद. तरी ह्यांना पिवळं नाक बघायचंय."

"तुमीबी जाऊन या," अंबिकाबाई म्हणाल्या. "साडू हाय तुमचा."

मार्तंडराव गेले. खाटेशेजारी बसले. प्रथम त्यांनी केळी पाहिली, मग मोसंब्या, मग चेहरा. चेहऱ्यावर त्यांची नजर थबकली. हा त्रिकोण त्यांच्या ओळखीचा होता. रोज दुपारी आरशात, स्वतःच्याच नाकाभोवती, याच मापाचा आणि याच गोलाईच्या कोपऱ्यांचा वळ ते पाहत आले होते. शिवाय पूजेत घातलेली हळद सकाळी नळीतून कुठे गेली होती, याचाही त्यांना उलगडा झाला.

तेथल्या तेथे बोलून टाकणारा माणूस वेगळा. मार्तंडरावांनी नोकरीत अनेक पाकिटे न फोडता आतला मजकूर ओळखला होता.

"हे साधं दिसत न्हाई," ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "उशीर नको. उद्याच्या गाडीनं परभणीला माझ्या डॉक्टरांकडं न्यायचं. मी स्वतः येतो."

"एवढं काही न्हाई, मार्तंडराव. दोन-चार दिवसांत उतरल."

"न्हाई, न्हाई. नाकाचा मामला हाय. मला विचारा."

सुनेत्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंडळींनी मार्तंडरावांच्या बाजूने एकमुखाने मत दिले. दिनकररावांचा नाइलाज झाला.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्रिकोणाकडे बराच वेळ पाहिले. मग स्पिरिटचा बोळा घेऊन नाकाच्या दांडीवरून फिरवला. बोळा पिवळा झाला, नाक नाकासारखे झाले. डॉक्टरांनी बोळा हुंगला.

"हळद आहे ही."

मार्तंडराव खिडकीबाहेर पाहू लागले. सुनेत्राबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या.

"पण मी घोरतो, डॉक्टरसाहेब," दिनकरराव म्हणाले. आता एवढाच आधार उरला होता. "लय घोरतो."

डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला, रक्तदाब घेतला. "झोपेत यांचा श्वास थांबतो का हो, बाई?"

"एक दिवस थांबला न्हाई," सुनेत्राबाई म्हणाल्या. "गिरणी चालल्यासारखं एकसारखं चालू असतं."

"मग साधं घोरणं आहे. यंत्र लागणार नाही. तब्येत ठणठणीत आहे."

दिनकररावांचा चेहरा असा पडला, की डॉक्टरांनी वाक्यात काही चुकले काय म्हणून पुन्हा एकदा रक्तदाब पाहिला. तो आता थोडा वाढला होता, पण नोंद घेण्याइतका नव्हता.

"बघा, मी म्हणत न्हवतो का," मार्तंडराव प्रसन्नपणे म्हणाले. "हा आजार सगळ्यांना झेपत नसतो."

"तुमचं कसं चाललंय?" डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "सवय झाली?"

"उत्तम. रातभर लावतो."

"कुठं लावता, दाजी?" सुनेत्राबाई सहज म्हणाल्या. आपण काही फोडतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही नव्हते. "अक्का तर म्हणती, उशाखाली असतं."

यानंतर डॉक्टर जे बोलले त्यात विनोदाचा भाग नव्हता. हा आजार लोकांना सांगण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे. झोपेत असेच चालू राहिले तर हृदय दगा देईल. बायकोला एके सकाळी हाक मारून उत्तर मिळणार नाही. मार्तंडराव खाली मान घालून ऐकत राहिले. दिनकररावांनाही प्रथमच त्या यंत्रामागचा आजार दिसला, आणि तो हेवा करण्यासारखा वाटला नाही.

"घरचं माणूस यांच्यापुढे टिकायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज दुपारी तासभर कोणी तरी बाहेरचा, खंबीर माणूस शेजारी बसला पाहिजे. वाटी काढू द्यायची नाही. दुपारची सवय झाली की रात्रीची आपोआप होते."

दिनकररावांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

"तेवढा जिम्मा माझा," दिनकरराव म्हणाले.

परतीच्या गाडीत दोघे साडू समोरासमोर बसले होते. सुनेत्राबाई खिडकीशी डुलक्या घेत होत्या.

"हळदीचं गल्लीत काही निघायला नको," दिनकरराव हळूच म्हणाले.

"आणि उशाखालचंही," मार्तंडराव म्हणाले.

कावीळ परभणीला उतरली, असे गल्लीला सांगण्यात आले.

पुढच्या आठवड्यात बैठक पुन्हा भरू लागली. दुपारी मार्तंडराव खाटेवर वाटी लावून पडलेले असत, आणि उशाशी खुर्ची घेऊन दिनकरराव बसलेले असत. वाटी नाकावर असली की तोंड उघडता येत नाही. उघडले तर सारी हवा तोंडावाटे निघून जाते. त्यामुळे आल्यागेल्याला उत्तरे देण्याचे काम साहजिकच खुर्चीकडे आले.

"कसं काय पोस्टमास्तर, पडायलाय का फरक?" चांगुणाबाईंनी खाटेकडे पाहून विचारले.

"पडायलाय," दिनकरराव म्हणाले. "पहिल्या दिवशी आमाला लय जड गेलं. ढेकर यायचे, घसा कोरडा पडायचा. आता आमी पट्टा एक घर सैल केलाय. येत्या महिन्यात हवेचा दाब थोडा वाढवावा, असा आमचा विचार हाय."

खाटेवर मार्तंडरावांनी हात वर केला, डोळे मोठे केले आणि वाटीखालून काही तरी सांगण्याचा प्रयत्न केला.

"बोलू नका," दिनकररावांनी त्यांचा हात हळुवारपणे पांघरुणाखाली घातला. मग ते चांगुणाबाईंकडे वळले. "हा आजार असाच असतो. सांगावंसं लय वाटतं."