ट्यूबलाइटचा दोष

“या ट्यूबलाइटमध्ये काही दम उरलेला नाही,” कागद हातभर लांब धरून मोठे साहेब पुटपुटले.

चाळिशीपुढच्या गरजूंना जवळचा चष्मा फुकट द्यायचा, अशी योजना होती. ती सरकारला परवडेल का, याचा अंदाज आरोग्य खात्यातल्या हिशेबाच्या बाईंनी टिपणीत मांडला होता. संध्याकाळपर्यंत सही झाली नाही, तर योजना बासनात.

बाईंचा जीव त्यात अडकला होता. लहानपणी शाळेतून आल्या आल्या आईची हाक यायची, “सुईत दोरा ओव गं, तुझे डोळे कोवळे!” आई लोकांचे कपडे शिवायची. मग एक दिवस म्हणाली, “कंटाळा आला बाई शिवणाचा,” आणि मशीन विकून मोकळी झाली. कुणी काही विचारलं नाही. तिची रिळं बाईंच्या कपाटात अजून होती.

वायरमन आला, नवी ट्यूब लागली. “आता कसं लख्ख!” म्हणत साहेबांनी कागद उपसाहेबांकडे सरकवला. “तुम्हीच वाचा.”

उपसाहेबांनी तो आणखी लांब धरला. “शाई फिकी आहे. अक्षरही जरा मोठं करा.”

अक्षर मोठं केलं, तर नऊ पानांची टिपणी एकवीस पानांची झाली. वीसच्या वरचं सगळं समितीपुढे न्यायचं, असा तिथला नियम, आणि समिती बसणार तीन महिन्यांनी.

“राहू दे, ती नऊ पानीच आणा,” साहेब घाईघाईने म्हणाले. “काका, तुम्ही तरी वाचा.”

शिपाईकाका दोन पावलं मागे सरले. “माझा चष्मा घरी राहिला.”

“तुम्हाला चष्मा आहे?”

“नाही.”

“आणा इकडे,” म्हणत बाईंनी टेबलावरचा कागद उचलला आणि घडाघडा सुरू केलं, “चाळिशीपुढच्या दर दहांत दोघांनाच चष्म्याची गरज, म्हणून योजना परवडते.”

“दोघांनाच? मोजलं कसं?”

“घरोघर विचारलं. बाकीचे आठ म्हणाले, आम्हाला चांगलं दिसतं.”

कुणी कुणाकडे बघेना. काका हळूच म्हणाले, “बाई, ते वायरमनचं बिल आहे. आत्ता मीच ठेवलं तिथे.”

बाईंनी कागद खाली ठेवला. टिपणी तर त्यांना तोंडपाठ होती.

“दोघांबरोबर ते आठही धरले, तर?” साहेबांनी विचारलं.

“एका वर्षात नाही झेपणार. तीन वर्षांत वाटलं, तर झेपेल.”

“मग आधी कुणाला?”

“शिवणारे, विणणारे, ज्यांचं पोट डोळ्यांवर आहे त्यांना.”

बाईंनी टिपणीत तेवढं हाताने घातलं, चांगलं टपोऱ्या अक्षरात. साहेबांनी पेन उघडलं, कागद जवळ नेला, लांब नेला. “सही नेमकी कुठे करायची, बाई?”

बाई वाकल्या. उपसाहेब वाकले. काकाही वाकले.

“मला नाही दिसत, साहेब,” बाई म्हणाल्या. “आईला शिवणाचा कंटाळा नव्हता आला हो. तिलाही दिसत नव्हतं.”