सिद्रामअप्पांची तांबडी दोरी

सिद्रामअप्पांच्या दोरीविषयी मला जे ठाऊक आहे, ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज लिहितो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. तामलवाडीजवळच्या आमच्या गावातले अप्पा सोलापुरात जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाले, खेचरं हाकायला. लढाईनंतर परतले आणि उमरग्याला दिलेल्या थोरल्या बहिणीकडून अंबाडीची लांबलचक तांबडी दोरी वळून घेऊन कमरेला बांधली. पुढं अप्पा, मागं धुळीतून सरपटणारी दोरी. बाजारात कुणाचा पाय पडला की बैलासारखे थांबायचे. "पाय उचला, मालक." एकदा कुणीतरी टोकाला शेळी बांधली. अप्पांनी तिला घरी नेलं, पाणी पाजलं आणि परत आणून सोडलं.

"लढाईला होतो तिकडं डोंगरावरनं बर्फ सुटतो," ते सांगायचे. "मानूस गाडला तरी दोरी हलकी, ती वर ऱ्हाती. तिच्या मागं खणलं की मानूस घावतो."

"अप्पा, इथं बर्फ कुठं?"

"माती हाय की."

ते खरं होतं. पावसाआधी माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायची पांढरी माती आम्ही पडक्या गढीच्या पोटातून खणायचो. सगळे खालून पोखरत जायचे, वर कपार लोंबत राहायची. अप्पांचा तिथं कायदा होता. एकानं आत जायचं, एकानं बाहेर बसून वरची भेग बघायची. "बघनाऱ्यानं तंबाकूबी मळायची न्हाय."

त्या वर्षी माझी बायको बाळंतपणाला टेकली होती आणि माळवद गळकं होतं. अप्पा म्हणाले, "दिगा, म्या खणतो, तू बघ." दोरी बाहेरपर्यंत पसरलेली. माझ्या गाढवाचा पाय तिच्यात अडकला, गोणी सांडली. पाण्याला चाललेल्या बायका हसल्या. मी विळा घेतला, कपारीजवळच दोरी कापली आणि त्याच तुकड्यानं गोणीचं तोंड बांधू लागलो. मान खाली होती. भेग मी पाहिलीच नाही.

कपार खाली आली तसा गाव धावला. रोज हसणारेच ओरडत होते, "दोरी बघा, दोरी." पांढऱ्या मातीवर तांबडं काहीच नव्हतं. सगळी बाजूच ढासळली होती, आत जायचं तोंड कुठं होतं ते कळेना; आम्ही भलतीकडंच खणत बसलो. सापडले तेव्हा कमरेला चार हात दोरी होती आणि जीव नव्हता. "तुटली," कुणीतरी म्हणालं. मी गाढवापाशी उभा होतो.

अप्पांना बायकापोरं नव्हती. मी एकदा विचारलं होतं, बाजारात तरी कशाला बांधता? म्हणाले, "उमरग्याची अक्का भेटली की इचारती, रोज बांधतोस का. व्हय म्हनायला बरं वाटतं. कुनीतरी इचारतंय न्हवं."

ती अक्का, गंगव्वा, आता म्हातारी झालीय. त्या दिवसापासून तिनं अंबाडी हातात धरलेली नाही. माझाच पीळ कच्चा राहिला, म्हणते.

पीळ पक्का होता. विळ्याला दोन हिसके द्यावे लागले. उमरग्याला जाऊन तिला एवढं सांगणं माझ्याकडं राहिलंय.