लोण्यासारखा ब्रेक

थोरल्या जावयांनी छोटी गाडी घेतली तेव्हा धाकट्यांना ती मुळीच आवडली नाही. म्हणूनच थोड्या दिवसांत त्यांनीही तीच घेतली, फक्त रंग जरा जास्त भडक. साडूंचं नातंच तसं असतं.

दोन्ही गाड्यांना दुखणं एकच. ब्रेक दाबला की पाय थेट तळाला जायचा आणि गाडी आपली चालतच राहायची. लगेच दुसऱ्यांदा दाबला की मग कुठे तिला दया यायची. गॅरेजवाल्यासमोर मात्र तोच ब्रेक शहाण्या मुलासारखा वागायचा. प्रत्येकाला वाटे, आपलीच गाडी अशी निघाली. पण बोलणार कोण? थोरले बँकेत अधिकारी. गाडी आपण पारखून घेतली हे त्यांनी सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलेलं. धाकटे विमा कंपनीत दुसऱ्यांच्या अपघातांची चौकशी करायचे, त्यांना तर तोंड उघडायची सोयच नव्हती.

"काय म्हणते गाडी?"

"लोण्यासारखी! तुमची?"

"लोण्यासारखी!"

एका रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले होते. सासूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. जेवणं उरकल्यावर हात पुसत त्या म्हणाल्या, "मला तुमच्या गाडीतून एक फेरी मारायचीय. मीच चालवणार. दोघंही एवढं कौतुक करता, बघू तरी."

थोरल्यांनी ताडलं. म्हणजे आई हीच गाडी घेणार! खरं सांगावं तर साडूपुढे नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर सासूबाईंच्या जिवाशी खेळ. त्यांनी मधला मार्ग काढला.

"आई, धाकट्यांची घ्या. नवी आहे, चकचकीत आहे."

धाकट्यांना ठसका लागला. "छे छे, पहिला मान थोरल्यांचा! शिवाय त्यांची गाडी चांगली रुळलीय."

"रुळलीय कसली! सीट पुढे सरकत नाही."

"माझा आरसा सैल आहे."

"माझ्यात पेट्रोल कमी आहे."

"माझ्यात तर नाहीच!"

"अहो, द्या ना कुणीतरी एक!" थोरली मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली. "आई काय पळवून नेणारेय तुमची गाडी?"

तोवर सासूबाईंनी टेबलावरची एक किल्ली उचललीही होती. ती निघाली धाकट्यांची. थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. साडूची गाडी चांगली आहे, मग भ्यायचं कशाला, असं म्हणून ते मागे ऐसपैस बसले. धाकटे पुढे बसले आणि गुडघे जवळ घेऊन समोर बघत राहिले.

घरापासून चौकापर्यंत रस्ता उताराचा होता. चौकात समोर पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता. सासूबाईंनी ब्रेक दाबला. गाडीनं मनावर घेतलं नाही.

"दोनदा दाबा!" धाकटे किंचाळले.

"दोनदा, आई, दोनदा!" त्याच क्षणी मागून थोरले ओरडले. "आणि हँडब्रेक ओढा!"

टँकर वीतभर अंतरावर असताना गाडी थांबली. मग धाकटे सावकाश मागे वळले.

"दोनदा दाबायचं, हे तुम्हाला कसं माहीत?"

थोरल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे... तुमचीही?"

"वर्गात दोघांचं उत्तर अगदी सारखं चुकलं," सासूबाई म्हणाल्या, "की मी एकच विचारायची. कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

दोघांनी माना खाली घातल्या. आता चांगली खरडपट्टी निघणार होती. पण सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे माझ्या पायाला काही झालेलं नाही!"

"पायाला?"

"मागच्या महिन्यात मीही हीच गाडी घेतली. तुमच्याच भरवशावर. मागच्या शेडमध्ये झाकून ठेवलीय. तुमच्या दोघांच्या लोण्यासारख्या, मग माझीच का थांबत नाही? वाटलं, वय झालं, पायातलं बळ गेलं." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "आज तुमचीही माझ्या पायानं थांबली नाही, तर गाडी विकून घरात बसून राहायचं ठरवलं होतं मी."

थोरल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं आई आमचं," ते म्हणाले, आणि धाकट्यांनी पहिल्यांदाच साडूच्या बोलण्यावर मान डोलावली.

गाडी कडेला ढकलून तिघं चढ चढून घरी निघाले. सासूबाई भराभरा पुढे, जावई धापा टाकत मागे.

"पण आई, डॉक्टरांना तरी दाखवायचं!"

"दाखवलं की. पोटरीचे व्यायाम दिलेत त्यांनी. म्हणाले, घाबरू नका, हल्ली बऱ्याच जणांना हा त्रास होतोय. ते स्वतःसुद्धा रोज सकाळ-संध्याकाळ करतात."

धाकटे थबकले. "डॉक्टरांकडे गाडी कोणती आहे?"

"हीच की. घेण्याआधी त्यांनाही विचारलं होतं मी, कशी आहे म्हणून," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "म्हणाले, लोण्यासारखी."