राईच्या पलीकडून व्याख्यान

डॉ. ओबिएफुनांना गुरुवारी सकाळी फक्त शांतता हवी होती. प्राध्यापकपदासाठीचं त्यांचं शेवटचं व्याख्यान होतं. विषय, 'आफ्रिकी कादंबरीतलं अरण्य'. परीक्षक ओकवुओसा खास एनुगूहून येणार होते. नेमका त्याच दिवशी कंत्राटदार सभागृहापुढची राई तोडायला माणसं लावणार होता. करवतीच्या आवाजात अरण्यावर बोलायचं तरी कसं?

म्हणून बुधवारी संध्याकाळी त्यांनी घरामागच्या ताडाच्या कोवळ्या झावळ्या आणून राईतल्या वाटेच्या तोंडाशी आडव्या बांधल्या. अशी झावळी दिसली की पुढे देवाची जागा, पाऊल टाकायचं नाही, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. ओबिएफुना स्वतः यातलं काही मानत नसत. अरण्य म्हणजे माणसाच्या मनातली भीती, हे त्यांनी एका जाडजूड प्रबंधात सिद्ध केलं होतं.

गुरुवारी अंधारातच ते झावळीखालून वाकून सभागृहात जाऊन बसले. करवती वाजल्या नाहीत. मजूर झावळी बघूनच परतले होते. पण सभागृहाला वाट ती एकच, मागे पावसानं खचलेली खोल घळ. त्यामुळे विद्यार्थी फिरकले नाहीत, सहकारी फिरकले नाहीत, भजी आणणारी न्केचीबाईही नाही. फोन तेवढा आला, परीक्षकांचा.

"ओबिएफुना, मी राईच्या अलीकडे उभा आहे. इथं झावळी बांधलीय."

"मीच बांधलीय, सर. खुशाल या."

"आणि खाली मडकं, पिसं, फुटलेलं अंडं? तेही तुमचंच?"

रात्रीतून कोणीतरी भर घातली होती. कोणी, याचा विचार ओबिएफुनांनी तिथंच थांबवला आणि बुटाकडे पाहिलं. टाचेला पिवळा बलक वाळला होता.

"तुम्ही बांधलीय तर तुम्हीच येऊन सोडा," परीक्षक म्हणाले.

ओबिएफुना निम्म्या वाटेपर्यंत गेले आणि परत आले.

"सर, तुम्हीच या ना. अरण्य हे गोऱ्यांनी लादलेलं रूपक आहे, असं तुमचंच पुस्तक म्हणतं."

"ते घरी बसून लिहिलंय, बाबा. आणि तुमच्या मते तर ती नुसती मनातली भीती."

"तीच आहे, सर."

अखेर ओबिएफुनांनी पायरीवर उभं राहून, ओरडून व्याख्यान वाचलं. पलीकडे परीक्षक गाडीला टेकून ऐकत होते. मधल्या राईत पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. इतकी शांतता त्यांच्या तासाला आजवर कधी लाभली नव्हती.

वाचून संपलं तसा पुन्हा फोन वाजला.

"पटलं मला. पद तुमचंच. फक्त आज कचेरी बंद व्हायच्या आत मुख्य इमारतीत येऊन सही करा. नाही आलात तर पुढच्या उमेदवाराला बोलावतील."

ओबिएफुनांनी मनापासून आभार मानले आणि ते खाली पायरीवर बसले. मुख्य इमारत राईच्या पलीकडे होती.