मसुरकरकाकांचा विरोधी पक्ष

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मसुरकरकाकांकडे तुम्ही गेलात, तर चहा मिळण्याआधी तुम्हाला मतदान करावं लागतं.

मी गंमत करत नाहीये. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक तिपाई आहे. तिच्यावर पुठ्ठ्याचा आडोसा आणि आडोशामागे काकांनी स्वतः बनवलेला लाकडी खोका. खोक्यावर चार निळी बटणं. चहा, कॉफी, कोकम सरबत आणि वरीलपैकी काहीही नाही. बटण दाबलं की पीऽऽप असा लांबलचक आवाज होतो, बाजूच्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि टपकन खाली पेटीत पडते. मग काका पेटी उघडतात, चिठ्ठी तुमच्यासमोर धरतात आणि जाहीर करतात, "एकूण मतदान एक. चहा एक. चहा विजयी." त्यानंतर गॅस पेटतो.

मी त्यांच्या बरोब्बर खाली राहते. मुलुंड पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. त्यामुळे वरचे आवाज मला फार ऐकू येतात. सुरुवातीला काकांकडे कॉफी पावडर नसायची. कॉफी निवडून आली की ते वाटी घेऊन खाली यायचे. एकदा मी सहज म्हटलं, "काका, तुमच्याकडे पाहुणा आला आणि त्याने कॉफीला मत दिलं, हे मला घरबसल्या कळतं. मग मतदान गुप्त कसं राहिलं?"

त्यांचा चेहरा उतरला. वाटी तशीच घेऊन ते वर गेले. दुसऱ्या दिवशी दुकानातून कॉफीची बाटली आणली आणि मुद्दाम मला येऊन सांगितलं, "त्रुटी दूर केली आहे."

वर्षभरात त्या खोक्यावर किती मतं पडली, असं मी एकदा विचारलं होतं. वही न बघता म्हणाले, "एकोणीस." त्यातली अकरा माझीच असणार.

दत्ताराम मसुरकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. सगळी नोकरी ट्रॉम्बेला उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, गिरणीतून दळण आणायचं राहून गेल्यासारखं. आई होती तोवर आईचं सगळं त्यांनी केलं. आता त्या घरात ते एकटेच असतात. एक कपाट सुट्या भागांचं आणि एक कपाट कपड्यांचं. कपड्यांच्या कपाटातही खालचा कप्पा सुट्या भागांचा.

मतदान यंत्र हा त्यांचा जीव की प्राण. प्रत्येक निवडणुकीनंतर आमच्या इमारतीत जो पक्ष हरतो त्याची माणसं यंत्राला नावं ठेवतात आणि जिंकलेली माणसं यंत्राची आरती ओवाळतात. पुढच्या खेपेला दोघं जागा बदलतात. काकांना दोघांचाही सारखाच राग. ते स्वतः कुणाला मत देतात, हे मला आजवर कळलेलं नाही. जिन्यात कुणी "यंत्र हॅक करतात हो" म्हटलं की काका चप्पल न घालता खाली येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "तार कुठाय? यंत्राला बाहेरची एक तरी तार आहे? दाखवा!" फार चिडले की मालवणीवर येतात. "तार खंय असा? दाखव माका!"

त्यांना उत्तर देणारा माणूस जगात एकच होता. परेरा.

घाटकोपरला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी संगणकवेड्यांचा एक कट्टा जमतो. दहा-बारा माणसं. कुणी जुने रेडिओ उघडून बसलेलं, कुणी स्वतःच लिहिलेला प्रोग्राम दाखवतंय. माझा लॅपटॉप बिघडला तेव्हा काका मला तिथे घेऊन गेले, आणि त्या रविवारी मी परेरांना पहिल्यांदा पाहिलं. व्हिक्टर परेरा. दहिसरच्या कांदरपाड्यातले, तिथल्याच जुन्या गावठाणातले. एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. ठेंगणे, गोल, इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला दोन पेनं.

"बघ मसुरकर," परेरा म्हणत होते, "डबा तुझा झकास आहे. तार नाही, मान्य. पण त्याच्या पोटात प्रोग्राम आहे ना? तो मी वाचलाय? तू वाचलायस? मग मी विश्वास कुणावर ठेवू, तुझ्या मिशीवर?"

"अरे पण प्रोग्राम बदलायला आत शिरणार कुठून?"

"शिरला नाही हे मला कसं कळणार, ते सांग. चिठ्ठ्या छापतोस ना? मग सगळ्या मोज. हाताने मोज. वेळ लागला तर लागू दे."

"पूर्वी कागदच होते ना रे? पेट्याच्या पेट्या पळवायचे, विसरलास?"

"पळवलेली पेटी दिसते तरी!"

हे मला तेव्हा भांडण वाटलं. आजूबाजूची माणसं मात्र शांतपणे स्क्रू पिळत होती. सहा वर्षं हेच चाललंय, असं मला सांगण्यात आलं. रविवारी समोरासमोर आणि सोमवारी संध्याकाळी फोनवर. आता मला उलगडलं, की सोमवारी माझ्या डोक्यावर दोन-दोन तास "परेरा, तू गाढव आहेस!" हे काय चालतं ते.

सहा वर्षांत दोघं एकमेकांच्या घरी गेले नव्हते. परेरांना मुलंबाळं किती, असं मी परतताना विचारलं, तर काका विचारात पडले. "विषय निघाला नाही कधी," म्हणाले.

गेल्या वर्षी एका रविवारी परेरा आले नाहीत. काका खुशीत घरी आले. "पळाला! मुद्दे संपले त्याचे." सोमवारी फोन उचलला गेला नाही. पुढच्या रविवारीही परेरा नव्हते. काकांनी कट्ट्यावर दुसऱ्या कुणाशी तरी वाद घालून पाहिला. तो माणूस पाच मिनिटांत "असेल काका, तुमचं बरोबर असेल" म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. काका घरी येऊन जेवले नाहीत. मला कळलं, कारण त्यांच्या कुकरची शिट्टी झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोन लागला. परेरांच्या मुलीने, सॅन्ड्राने उचलला. डॅडींना अर्धांगाचा झटका आला होता. हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. उजवा हात हलत नव्हता आणि बोलणं गेलं होतं.

काका खाली आले. दारातच उभे राहिले. "मंजिरी, तुझी गाडी आहे ना? येशील माझ्याबरोबर? आजारी माणसाशी काय बोलायचं ते मला येत नाही गो."

कांदरपाड्यातलं परेरांचं घर बैठं आहे, पुढे ओटी, ओटीवर एक वेताची खुर्ची. खुर्चीत परेरा. इस्त्रीचा शर्ट होता, पण बटणं दुसऱ्या कुणीतरी लावलेली. उजवा हात मांडीवर ठेवलेला. आम्हाला बघून त्यांचे डोळे हसले. "बरं," ते म्हणाले.

"एवढा एकच शब्द राहिलाय," सॅन्ड्रा हळूच म्हणाली. "समजतं सगळं. पण बोलायला गेले की बरंच येतं."

काकांनी केळी दिली. पंख्याकडे बघितलं. अंगणातल्या कोंबडीकडे बघितलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. "परेरा, तार नाही म्हणजे यंत्र सुरक्षित."

"बरं," परेरा म्हणाले.

काका पुढे सरकले. "चिठ्ठ्या सगळ्या मोजायची काही गरज नाही."

"बरं."

येताना मी गाडी चालवत होते आणि काका खिडकीतून बाहेर बघत होते. गोरेगाव आलं. मी आपली काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काका, सहा वर्षांनी जिंकलात की."

"गप ऱ्हव," ते म्हणाले. आणि खिडकीची काच खाली करत, "असं जिंकायचं नव्हतं मला."

त्यानंतर काका दर बुधवारी दहिसरला जायला लागले. दोन बस बदलून. जायच्या आधी मंगळवारी तयारी असायची. ती तयारी बघून मी चाटच पडले. कारण ते परेरांच्या बाजूचे मुद्दे काढत बसायचे. सहा वर्षांत परेरा जे जे म्हणाले ते आठवून, वहीत क्रमांक घालून. कुठे अडलं तर कट्ट्यावरच्या कुणाला तरी फोन. बुधवारी ओटीवर बसून आधी परेरांची बाजू मांडायची, "तुझं म्हणणं असं, की ज्याला आपलं मत तपासता येत नाही त्याने विश्वास का ठेवावा, बरोबर?" मग स्वतःची बाजू मांडायची. मग परेरांकडे बघायचं.

"बरं," परेरा म्हणायचे. दोन्ही बाजूंना.

हळूहळू काका परेरांची बाजू इतकी छान मांडायला लागले, की कट्ट्यावर बोभाटा झाला, मसुरकर फुटले. त्यांनी खुलासा केला नाही. मला मात्र एकदा जिन्यात म्हणाले, "त्याची बाजू वाटली तेवढी कच्ची नाही गो. बोलायचा मोठ्याने, म्हणून मी नीट ऐकली नव्हती."

परेरांना बोलायचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. काकांनी त्यांना गाठून विचारलं, "ह्याला 'नाही' कधी म्हणता येईल?" बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. जबरदस्तीने येत नाही ते. आतून यावं लागतं."

काका हे आठवडाभर मनात घोळवत होते.

पुढच्या बुधवारी मला सुट्टी होती, म्हणून मीच गाडी काढली. ओटीवर परेरा खुर्चीत, काका समोरच्या स्टुलावर, मी पायरीवर. सॅन्ड्रा आत मासे साफ करत होती. काकांनी त्या दिवशी वही आणली नव्हती. घसा साफ केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "परेरा, मी खूप विचार केला. यंत्र नको नि कागद नको. मतदान सरळ मोबाइलवरून घ्यावं. घरी बसून. ओटीपी आला की टाकायचा आणि बटण दाबायचं. विषय संपला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्या दोघांचं सहा वर्षांत ज्या एका गोष्टीवर एकमत होतं ती हीच, की मोबाइलवरून मतदान म्हणजे वाट लागली. घरात कोण कुणाच्या मानगुटीवर बसून बटण दाबायला लावेल, फोनमध्ये आधीच कोण शिरून बसलेलं असेल, ह्याला काही धरबंधच नाही. कट्ट्यावर कुणी ही सूचना केली की दोघं मिळून त्याला फाडून खायचे.

परेरांनी काकांकडे बघितलं. भुवया वर गेल्या. "ब..." म्हणाले आणि थांबले. डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट आवळला गेला.

"ओटीपी आहे ना," काका म्हणाले. "ओटीपी म्हणजे एकदम सुरक्षित."

"ब... न... ना..." चेहरा लाल झाला. मी घाबरून उठले. काका हलले नाहीत.

"बँका चालतात की मोबाइलवर. तुझीच बँक!"

"नाय!" परेरा ओरडले. डावा हात दाणकन खुर्चीवर आपटला. "नाय! नाय!"

अंगणातली कोंबडी उडाली. सॅन्ड्रा आतून धावत आली, हाताला खवले तसेच. वडिलांकडे बघून ती चौकटीला टेकली आणि तोंडावर मनगट दाबून रडायला लागली.

"का नाय?" काकांनी तरीही सोडलं नाही. "कारण दे!"

"नाय!" परेरा म्हणाले. कारण देता येत नव्हतं. पण आता ते हसत होते, तोंडाच्या डाव्या बाजूने, आणि गालावरून पाणी ओघळत होतं. "मसु... नाय!"

निघताना सॅन्ड्रा गाडीपर्यंत आली. काकांना म्हणाली, "अंकल, तुमचा फोन येईपर्यंत तुमचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. डॅडी घरी काही सांगायचे नाहीत. मम्मी गेल्यापासून जास्तच गप्प. एकदाच म्हणाले होते, मुलुंडला एक माणूस आहे, माझं पूर्ण ऐकून घेतो आणि मगच शिवी देतो."

काका घाईघाईने गाडीत बसले आणि पट्टा लावायला लागले. तो त्यांना लागेना. मी लावून दिला.

हमरस्त्याला लागल्यावर ते बोलले. माझ्याकडे न बघता.

"आई भारी हट्टी होती. मी पोहे म्हटलं की ती उपमा करायची. पंखा लाव म्हटलं की नको म्हणायची. ती गेली, तेव्हापासून मी पोहे म्हटलं की पोहे. पंखा म्हटलं की पंखा. आठवडेच्या आठवडे जायचे, माका कोणी 'नाय' म्हणूक नाय." त्यांनी पट्टा जरा सैल केला. "मग हा भेटला."

माझा नवरा बोटीवरून फोन करतो तेव्हा आवाज तुटत असतो, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या सगळ्याला हो म्हणून मोकळे होतो. हे काकांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

मुलुंडच्या रस्त्याला वळल्यावर काकांनी चष्मा पुसून परत लावला.

"पुढच्या बुधवारी आणखी काय चुकीचं बोलता येईल गो? सांग बघू."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी एक सुचवलं. ते म्हणाले, छे, ह्याने तो चिडणार नाही. मी दुसरं सुचवलं. घर आलं, गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी आम्ही दोघंही उतरलो नाही.