रहीमभाई धार उतरवतात

आमच्या शाळेचे कारकून शेख रहीम यांच्या अंगावर रोज पाच चाकू असतात आणि आठवड्यातले निम्मे दिवस त्यातल्या एकानंही लिंबू कापलं जात नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये सरबताचा बेत ठरला होता. पाणी आलं, साखर आली, लिंबू आलं. रहीमभाई उठले, उजव्या खिशातून शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू काढला, नखानं पातं उघडलं, त्यावर फुंकर मारली आणि लिंबावर चालवला. लिंबू घरंगळलं. दुसरा चाकू, पितळी मुठीचा. लिंबू दबलं. तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्यानंतर त्या लिंबाचा रस आतल्या आतच निघाला असावा, बाहेर एक थेंब नाही. शेवटी मी ते दातानं फोडलं. सरबत झालं, पण ते माझ्याशिवाय कुणी प्यायलं नाही.

बरं, माणूस हौशी असता आणि चाकूतलं त्याला काही कळत नसतं, तर मी समजून घेतलं असतं. रहीमभाईंचे वडील शिकलगार होते. गावोगावच्या बाजारात सुऱ्या, कात्र्या, अडकित्त्यांना धार लावत हिंडायचे. रहीमभाई लहानपणी त्यांच्याबरोबर फिरले, पुढे शिकले, धारूरला आमच्या शाळेत चिकटले. पण चाकूचं वेड गेलं नाही. घरी एका पेटीत चाळीसेक घडीचे चाकू आहेत, खोबरेल लावून, मलमलच्या कपड्यात गुंडाळलेले. त्यातले रोज पाच अंगावर. कुठल्या आठवड्याला कुठले पाच, याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. माणूस हाडाचा कारकून आहे, चाकूंनाही ड्यूटी लावतो.

आणि प्रत्येक चाकूला नाव. ज्या बाजारात तो मिळाला, त्या गावाचं. यानं आमचा किती गोंधळ होतो म्हणून सांगू! "सर, आज केज घरीच ऱ्हायलं." "गेवराईला गंज चढलाय." "धारूर लई सैल झालंय, ठोकावं लागंल." नव्या माणसाला वाटतं, हे कुणी जिल्ह्याचे साहेब असावेत. एकदा सकाळी सकाळी ते चिंतातुर चेहऱ्यानं आत आले आणि म्हणाले, "माजलगाव बुडालं, सर. आता निघत न्हाई." आमच्या जाधव बाईंचं माहेर माजलगाव. त्यात गावाला लागून एवढं मोठं धरण. बाईंनी तिथल्या तिथं बसकण मारली आणि भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, मी चहा पितोय. रहीमभाईंचा चाकू शेजारच्या विहिरीत पडला होता. बाई त्यांच्याशी पुढचे आठ दिवस बोलल्या नाहीत.

रहीमभाईंचा आणखी एक कायदा आहे. ते चाकू कधी कुणाच्या हातात देत नाहीत. मागितला की वाकून भुईवर ठेवतात. आपण तो उचलायचा. परत देतानाही तसंच. "हातात नगं, सर. भुईला ठेवा, भुईला!" सुरी हातोहात दिली की भांडण होतं, ही गोष्ट आपल्याकडं घरोघरी पाळतात, पण निदान टेबलावर तरी ठेवतात. रहीमभाईंना टेबल चालत नाही. त्यांचं म्हणणं, टेबलावर दोघांचेही हात टेकलेले असतात, म्हणजे ते हातोहातच झालं. पाकिटं फोडायला हेडमास्तरांनी चाकू मागितला तरी तो त्यांच्या बुटाजवळ येतो आणि हेडमास्तर पोट सांभाळत वाकतात. आमच्या हेडमास्तरांना वाकायला लावणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

एकदा मी वैतागून विचारलं, "रहीमभाई, हातात दिल्यानं कधी कुणाचं भांडण झालंय का?"

ते म्हणाले, "माझं झालंय की."

तेव्हा ते कळलं. नऊ वर्षांपूर्वी लोणच्याच्या कैऱ्या कापताना रहीमभाईंनी चाकू थोरल्या भावाच्या, करीमभाईंच्या, हातात दिला. सरळ हातात. तासाभरात वडिलांच्या घराचे पत्रे कुणी बदलायचे, यावरून दोघांत अशी जुंपली की करीमभाई उठून सिरसाळ्याला गेले, ते तिथलेच झाले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. ईदेला नाही, लग्नाला नाही, मयतीला नाही.

"अहो, मग भांडण पत्र्यांवरून झालं, चाकूवरून कुठं?" मी म्हटलं.

"चाकू भुईला ठेवला असता, तर पत्र्याचा विषय निघाला नसता."

"पत्रे गळत होते ना?"

"गळत व्हते."

"मग विषय आज ना उद्या निघालाच असता!"

"उद्या निघाला असता तर चाललं असतं, सर," ते म्हणाले. "त्या दिवशी हातात चाकू व्हता." आणि बिलांच्या फायलीत डोकं घालून बसले. मी मराठीचा शिक्षक. कार्यकारणभाव हा शब्द बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. पण रहीमभाईंशी बोलून उठलं की मलाच तो पुन्हा शिकावासा वाटतो. एवढं मात्र मला नीट दिसलं होतं. या माणसाला भावाशी बोलायचं आहे, आणि कसं ते त्याला कळत नाही.

आता पुन्हा लिंबाकडं येतो. माझ्या हळूहळू लक्षात आलं होतं की सिरसाळ्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रहीमभाईंच्या चाकूंना जबरदस्त धार असते. कागद हवेत धरून कापतात. आणि पुढचा बाजार जवळ आला की त्याच चाकूनं केळंसुद्धा कापलं जात नाही, तुटतं. पेन्सिलीला टोक करणं आणि पाकिटं फोडणं, यापलीकडं त्या चाकूंना काम नाही. मग धार जाते कुठं? शिवाय धार लावायला हा शिकलगाराचा मुलगा, ज्याला डोळे मिटून धार लावता येते, तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून, घाट उतरून सिरसाळ्यालाच कशाला जातो?

विचारलं, तर म्हणाले, "आपलं डोस्कं आपल्या हातानं भादरता येतंय का, सर?"



मग एके दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीकडं गेलो. रहीमभाई तिथं उकिडवे बसले होते आणि धारूर चाकूचं पातं टाकीच्या दगडावर आडवं घासत होते. खर्र, खर्र. ऐकून माझ्या दाताला कळ आली. जो माणूस चाकूंना मलमलीत झोपवतो, तो हे करत होता.

"अहो रहीमभाई! काय करताय?"

ते दचकले. मग शांतपणे म्हणाले, "धार उतरवतोय."

"का?"

"लई चढली व्हती."

मी परत वर्गात गेलो आणि त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, कुठल्या? तिलाही सांगता येईना.

शेवटी मला राहवेना. पुढच्या बाजाराला मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि म्हटलं, येतो तुमच्याबरोबर, मला शेंगदाणे घ्यायचेत. रहीमभाईंनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. शेंगदाणे धारूरलाही मिळतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या हातात पिशवीभर सीताफळं होती.

जीपनं घाट उतरून आम्ही सिरसाळ्याला पोचलो. बाजार ऐन रंगात होता. रहीमभाई कुठं डावीउजवीकडं न बघता तडक टोकाच्या कडुलिंबाखाली गेले. तिथं पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पायानं फिरवायचं धारेचं चाक घेऊन बसला होता. समोर पोतं अंथरलेलं. रहीमभाईंनी पाचही चाकू काढले आणि वाकून एकेक करून पोत्यावर ठेवले. शेजारी सीताफळांची पिशवी ठेवली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. एक चाकू उचलला, उघडला, पात्यावर फुंकर मारली.

ती फुंकर मी ओळखली. मग नाक ओळखलं, मग कान. मी रहीमभाईंना कोपर मारलं. "हे कोण?"

"भाईजान," ते हळूच म्हणाले.

"अहो, पण तुमचं बोलणं बंद आहे ना?"

"बंदच हाय की."

ठिणग्या उडत होत्या. म्हातारा एकेका चाकूला धार लावायचा आणि पोत्यावर ठेवायचा. रहीमभाई वाकून उचलायचे. कोणी कोणाच्या हातात काही दिलं नाही, कोणी कोणाकडं पाहिलं नाही. नऊ वर्षं, दर बाजाराला, हे असं चाललं होतं. आणि धारदार चाकू धारेला आणता येत नाही, म्हणून हा माणूस आठवडाभर आपले जिवापाड जपलेले चाकू दगडावर घासत बसायचा. मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांना डॉक्टरकडं न्यायच्या गोष्टी करत होतो.

शेवटचा चाकू धारूर. म्हाताऱ्यानं तो उघडला, अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं आणि थांबला. पुन्हा टेकवलं. चाकावरचा त्याचा पाय थांबला. मान खालीच ठेवून तो म्हणाला, "रहीम, तू फत्तर काटता क्या रे?"

रहीमभाईंच्या तोंडून आवाज निघाला, "हौ, भाईजान."

म्हातारा पुन्हा चाक फिरवू लागला. धारूरला धार लावली, पोत्यावर ठेवलं. सीताफळांची पिशवी आपल्या मागं ओढून घेतली आणि गेल्या खेपेची धुतलेली, घडी घातलेली पिशवी पुढं सरकवली. मग म्हणाला, "अगले बजार कू खाली आ." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची कात्री उचलली.

परतीच्या जीपमध्ये मी फार खुशीत होतो. रहीमभाई मात्र ती पिशवी उलगडून पुन्हा पुन्हा घडी घालत होते. घाट लागला तेव्हा मी म्हटलं, "वा, बोलले की तुमचे भाईजान! पण 'खाली आ' म्हणजे काय? आपण दर बाजाराला घाट उतरून खालीच येतो ना?"

"तुमचं खाली न्हाई, सर," ते म्हणाले. "आमचं खाली. खाली म्हंजी रिकामा. चाकू न आनता ये म्हनले."

"मग तर फारच चांगली गोष्ट आहे!"

"हाय की," ते म्हणाले. पण तोंड असं, जसं काही बदलीची ऑर्डर आलीय. घाट संपता संपता त्यांनी माझा हात धरला. "पन सर, चाकू नसला तर तितं उभं कशाला ऱ्हायचं? काय निमित्त सांगायचं?"

तो आठवडा रहीमभाईंनी कसा काढला, ते मी पाहिलं. टाकीकडं गेले नाहीत. बाजाराच्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा पाचही खिसे मोकळे होते आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी मागं बांधायचे, कधी काखेत घालायचे. "तुमी येताव ना, सर?" त्यांनी विचारलं. मी चपला घातल्या.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "सर, पयलं वाक्य काय म्हनू?"

मी दरवर्षी मुलांना संवादलेखन शिकवतो. दोन मित्र, आई आणि मुलगा, शेतकरी आणि व्यापारी, पाच गुणांना सगळे खडाखडा बोलतात. पण दोन भाऊ, नऊ वर्षांनी, हा प्रश्न मी कधी घातलेला नव्हता. मला एक वाक्य सुचेना. "जेवण झालं का, असं विचारा," मी कसंबसं म्हटलं. ते घाटभर पुटपुटत होते, खाना हुआ क्या भाईजान, खाना हुआ क्या.

लिंबाखाली पोचलो, तर म्हातारा पोत्यावर बसला होता आणि समोर चाक नव्हतं. ऐन बाजाराच्या दिवशी त्यानं चाक घरीच ठेवलं होतं. गुडघ्यावर दोन्ही हात उताणे ठेवून तो रस्त्याकडं बघत होता. आम्हाला पाहिल्यावर ते हात त्यानं एकदा उचलले आणि पुन्हा तिथंच ठेवले.

रहीमभाई वाक्य विसरले. मला दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. म्हातारा पोत्यावर जरासा सरकला. रहीमभाई चपला काढून त्या जागेवर बसले. दोघंही समोर बघत राहिले. या दोघांत माझं काय काम, हे मला कळेना.

थोड्या वेळानं रहीमभाईंनी मान वर केली.

"सर, तुमी जावा," ते म्हणाले. "आमाला उशीर व्हईल."